अंथरूण पाहून पाय पसरावे

“बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय हा गेम चालणारच नाही!” हे वाक्य गेल्या वर्षी आमच्या घरात रोज ऐकू येत होते. राखोलीतल्या इतर घरांतही ते नवीन नसावे. दुकानदारानेही मुलाच्याच बाजूने कौल दिला. किंमत ऐकली आणि कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या माझ्यासारख्याला आधी महिन्याचा किराणा आठवला.

शेवटी एका रविवारी मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटले, “दाखव बरे, काय अडते ते.” गेममधील ‘सेटिंग्ज’ उघडली. तिथे प्रत्येक ओळीपुढे ‘अल्ट्रा’ लिहिलेले! आमचा संगणक सहा वर्षांचा आणि मागणी मात्र राजवाड्याची. संगणकाचा दोष काहीच नव्हता. अंथरूण न पाहता पाय पसरले होते, इतकेच.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. खेळ सुरळीत दिसायचा तर हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, फक्त १६.७ मिलिसेकंद. हेच रिझोल्यूशन १२८० × ७२० केले तर ठिपके ९ लाख २१ हजार होतात, म्हणजे काम निम्म्याहून कमी. पण १०८० च्या पडद्यावर ७२० चे चित्र ताणून बसवावे लागते, म्हणून ते थोडे पुसट दिसते. त्यामुळे हा उपाय शेवटी करावा.

आधी सावल्या कमी कराव्यात. माणूस, झाड, दिवा हलला की सावली पुन्हा काढावी लागते आणि कार्ड तिथे दमते. त्यानंतर पाण्यातील प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारे ‘अँटी-अलायझिंग’ कमी करावे. ‘टेक्स्चर’ म्हणजे भिंतीचा, कापडाचा पोत. तो मुख्यतः कार्डाच्या मेमरीवर अवलंबून असतो. मेमरी पुरत असेल तर तो चांगला ठेवला तरी वेग फारसा घटत नाही.

चित्र मधूनच आडवे फाटल्यासारखे दिसले तर समजावे, की पडद्याचा आणि कार्डाचा ताल जुळत नाही. ‘व्ही-सिंक’ हा ताल जुळवतो. मात्र कार्ड ६० चा वेग गाठू शकत नसेल, तर साध्या व्ही-सिंकमध्ये वेग एकदम ३० वर येऊ शकतो. ‘फुल स्क्रीन’मध्ये खेळ पूर्ण पडदा ताब्यात घेतो. ‘बॉर्डरलेस विंडो’मध्ये तो पडदाभर दिसतो, पण दुसऱ्या कामाकडे चटकन वळता येते. जुना खेळ अडकत असेल तर हा बदल जरूर करून पाहावा.

आम्ही एक वही घेतली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वेग लिहायचा, मग पुढची. विज्ञानाच्या प्रयोगात निरीक्षणांचा तक्ता करतात, तसाच. दोन तासांत खेळ न अडखळता चालू लागला. कार्डाचे पैसे वाचले याचा आनंद झालाच. पण “सावल्यांनीच सगळा वेळ खाल्ला होता” हे मुलाने स्वतः शोधून काढले, त्याचा आनंद अधिक झाला.

काही पालक म्हणतील, “आधीच मुले खेळात बुडालेली, त्यात तुम्ही आणखी शिकवा!” ही काळजी खरी आहे. वेळेचे बंधन हवेच, आणि आमच्या घरी ते आहे. पण वेळेवर बंधन घालणे आणि कुतूहलावर बंधन घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “सेटिंगला हात लावू नकोस, बिघडेल” असे आपण सहज बोलून जातो. खरे तर विंडोजमध्ये रिझोल्यूशन बदलले, की “हा बदल ठेवायचा का?” असे संगणक विचारतो, आणि १५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर आपोआप जुन्या जागी परततो. यंत्र मुलांना चुकायला १५ सेकंद देते, आपण तेवढेही देत नाही!

हे ज्ञान खेळापुरते नाही. एका कार्यक्रमात प्रोजेक्टरवर सगळ्या पाहुण्यांचे चेहरे रुंद झालेले मी पाहिले आहेत. चौरसवजा ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणले, की असेच होते. सेटिंग्ज जाणणारा एक विद्यार्थी ते अर्ध्या मिनिटात सुधारू शकला असता.

आणि खेळ म्हणजे निव्वळ टाइमपास असेही नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने तयार केलेला ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ २०२० मध्ये आला. भावाला शोधायला निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट, आणि त्यात आपल्याकडचे महाल, दुर्गा आणि विष्णू. असे महाल उभारताना किती तपशील दाखवायचा आणि यंत्रावर किती भार टाकायचा, हा हिशेब खेळ तयार करणाऱ्यांनाही करावाच लागतो. आपल्या मुलांनी तो हिशेब शिकला, तर उद्या त्यांच्यातलाही कोणी दमणगंगेच्या काठची गोष्ट पडद्यावर आणेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र सूचना : संगणक कक्षातील एखादा जुना संगणक ‘हात लावायला परवानगी असलेला’ म्हणून ठेवावा. महिन्यातून एक तास मुलांना त्यावर सेटिंग्ज बदलू द्याव्यात, आणि वहीत नोंद करायला लावावी. याला नवीन खर्च लागत नाही.

पालकांना विनंती एवढीच, की नवीन वस्तूसाठी पाकीट उघडण्यापूर्वी एक रविवार मुलाशेजारी बसा. कार्ड घ्यावे लागलेच तर निदान का घेतो आहोत, हे दोघांनाही माहीत असेल.