एचआयव्हीचं औषध मोफत आहे, मग जळगाव-धुळ्यात अडतं कुठे?

एचआयव्हीवरची औषधं भारतात सरकारी केंद्रांतून 2004 पासून मोफत मिळतात. 2017 पासून तर चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच उपचार सुरू करायचे, तब्येत ढासळायची वाट बघायची नाही, असं देशाचं धोरण आहे. तरीही अनेक जण औषधापर्यंत पोचत नाहीत किंवा मध्येच सोडून देतात.

देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, सुमारे 4 लाख. त्यामुळे राज्याच्या धोरणात कुठे फट आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

95-95-95 म्हणजे काय?

2025 पर्यंत गाठायचं हे जागतिक उद्दिष्ट होतं. बाधितांपैकी 95 टक्के लोकांना आपली लागण माहीत असावी. त्यातल्या 95 टक्के लोकांवर उपचार सुरू असावेत. आणि उपचार घेणाऱ्या 95 टक्के लोकांच्या रक्तातला विषाणू दबलेला असावा.

भारताचे 2023-24 चे आकडे होते 81-88-97. शेवटचा आकडा बघा. जो नियमित गोळी घेतो, त्याच्यावर औषध उत्तम काम करतं. गळती आहे ती आधीच्या दोन पायऱ्यांवर, म्हणजे चाचणी आणि केंद्रापर्यंत पोचणं इथे. तिन्ही टक्के गुणले तर 100 बाधितांमागे साधारण 69 जणच सुरक्षित टप्प्यावर पोचतात.

खान्देशात काय वेगळं आहे?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. जळगाव जिल्ह्यात भुसावळसारखं मोठं रेल्वे जंक्शन आहे. सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी कुटुंबं मजुरीसाठी आणि ऊसतोडीला गुजरातपर्यंत जातात. राष्ट्रीय कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे खास लक्ष दिलं जातं, ते याच कारणामुळे. माणूस फिरता असला की चाचणी एका गावात, औषध दुसऱ्या गावात आणि काम तिसऱ्या राज्यात, असं होतं.

दुसरा मुद्दा अंतराचा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उपचार केंद्रं आहेत. सुरू झालेलं औषध गावाजवळ मिळावं म्हणून काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत लिंक केंद्रं असतात. पण चाळीसगावचं उदाहरण घ्या. तालुका जळगाव जिल्ह्यात, मात्र रस्त्याने धुळं जवळ आणि जळगाव बरंच लांब. नकाशावरची जिल्ह्याची हद्द आणि रुग्णाची वाट एकच असेल असं नाही. शिवाय केंद्रावरची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं.

लपवण्याची किंमत

अनेक जण जवळचं केंद्र मुद्दाम टाळतात. रांगेत गावातलं कुणी भेटलं तर? बाधितांसाठी एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास सवलत आहे. पण ती घ्यायची तर कागद दाखवावा लागणार, आणि गावाकडच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा असतो. मग माणूस सवलत सोडून पूर्ण तिकीट काढतो. संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. लाभ आहे, पण अर्ज गावातल्या लोकांच्या नजरेखालून जातो.

यासाठी कायदा आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, कुणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि नोकरी, शाळा, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमायचा आहे. अडचण अशी की तक्रार करायची म्हणजे आधी कुणाला तरी सांगायचं.

उपचार हाच प्रतिबंध

रक्तातला विषाणू औषधाने दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झालंय. म्हणजे केंद्रापर्यंत पोचलेला प्रत्येक माणूस पुढची लागणही थांबवतो.

प्रतिबंधासाठी वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शनही आलं आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या 2027 पासून ते 120 देशांसाठी वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देणार आहेत. पण ते टोचून घ्यायला यायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

मग करायचं काय?

राज्याची सरासरी चांगली दिसली तरी तालुका मागे असू शकतो. म्हणून तिन्ही पायऱ्यांचे आकडे तालुकावार जाहीर व्हायला हवेत. कोविडच्या काळात अनेक महिन्यांची औषधं एकदम दिली गेली. स्थलांतरितांसाठी ती पद्धत कायमची आणि सोपी व्हावी. सुरतला गेलेल्या मजुराला तिथल्या केंद्रात अडचण न येता गोळ्या मिळाव्यात. आणि सवलतीच्या कागदावर आजाराचा उल्लेख नसावा. यातल्या कशालाच नवं औषध शोधावं लागत नाही.

शंका असेल तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर फोन करा. सरकारी चाचणी मोफत आणि गोपनीय असते. ही माहिती पुढे पाठवा. पण कुणाचं नाव जोडून मात्र नाही.