डिंगो कोण, कुत्रा कोण?



ऑस्ट्रेलियातला डिंगो फोटोत पाहिलात तर आपल्या गल्लीत फाटकाशी झोपलेल्या पिवळट गावठी कुत्र्याचा चुलतभाऊ वाटेल. तो तिथे किमान तीन हजार वर्षं आहे. युरोपीय लोक वस्तीसाठी आले ते १७८८ साली, सोबत त्यांची पाळीव कुत्री. डिंगो मेंढ्या मारतो, म्हणून मेंढ्या पाळणाऱ्यांचा त्याच्यावर राग. त्यात एक समज पक्का झाला, की खरा डिंगो आता फारसा उरलाच नाही, रानात फिरतात ते सगळे कुत्र्यांशी संकर झालेले. एकदा 'रानकुत्रा' हे नाव लागलं, की गोळी घालताना किंवा विषाचं आमिष टाकताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही.

हा समज पक्का होण्यात एका डीएनए चाचणीचाही हात होता. ती फक्त २३ खुणा बघायची.

अशा खुणा शोधणं हे तत्त्वतः सोपं काम आहे. काही डिंगो घ्या, काही कुत्रे घ्या, डीएनएतल्या लाखो जागा वाचा. एखाद्या जागी डिंगोंमध्ये बहुतेकांकडे एक अक्षर आणि कुत्र्यांमध्ये दुसरं दिसलं, तर ती जागा कामाची. प्रोग्रॅम प्रत्येक जागेला गुण देतो, उतरत्या क्रमाने लावतो, वरच्या खुणा आपण ठेवतो. आमच्याकडे स्पॅम मेल पकडायचा प्रोग्रॅमही साधारण असाच शिकवतात.

गोची पुढे आहे. समजा दोन्ही गटांतले आठ-आठ प्राणी घेतले आणि सोयीसाठी धरू, की एका जागी कुणाकडे कोणतं अक्षर हे निव्वळ नाणेफेकीने ठरलं. तरीही दोन्ही गट अगदी स्वच्छ वेगळे पडण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. फारच कमी ना? पण जागा दोन लाख तपासल्या, तर अशा पाच-सहा 'अचूक' खुणा नुसत्या योगायोगाने हाती लागतील. म्हणून ज्या प्राण्यांवरून खुणा निवडल्या, त्यांच्यावरच चाचणी घेऊन शंभर टक्के मार्क मिळाले असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पेपर काढणाऱ्यानेच तो सोडवण्यासारखं आहे ते. (हा घोळ मी सॉफ्टवेअरमध्येही पाहिलाय, आणि तो करणारे चांगले हुशार असतात.)

दुसरी गोची नमुन्याची. पिष्टमय अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, आपल्या पोळी-भात खाणाऱ्या कुत्र्यांत बऱ्याच जास्त. लांडगा आणि कुत्रा ओळखायला झकास खूण! पण डिंगोतही दोनच प्रती आहेत. शेती करणाऱ्यांची कुत्री तेवढी पाहून चाचणी बनवली, तर ती डिंगोला सरळ लांडगा म्हणेल.

न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या कायली केर्न्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ३९१ डिंगोंच्या डीएनएतल्या १ लाख ९५ हजार जागा तपासल्या. व्हिक्टोरिया राज्यातले सुमारे ८७ टक्के डिंगो शुद्ध निघाले. शिवाय डिंगो सगळे एकसारखे नाहीत. पूर्वेचे, पश्चिमेचे, दक्षिणेचे वेगळे, बिग डेझर्ट या भागातले आणखी वेगळे. मोजक्या खुणांच्या चाचणीला असे प्रादेशिक फरक उमगत नाहीत. मग न ओळखलेला फरक कुत्र्याच्या खात्यावर जमा होतो आणि प्राणी 'संकरित' ठरतो.

मला इथे प्रोग्रॅमची चूक दिसत नाही. त्याला दोन डबे दिले, त्याने प्रत्येक प्राणी त्यातल्या एकात टाकला. तिसऱ्या, चौथ्या प्रकारचा डिंगो असू शकतो हे त्याला सांगायचं काम माणसांचं होतं.

व्हिक्टोरिया सरकारने मार्च २०२४ मध्ये राज्याच्या वायव्य भागात डिंगो मारण्याची मुभा काढून घेतली. बिग डेझर्टचे डिंगो तिथलेच, आणि तोवर ते अगदी थोडेच उरले होते.