जनावराच्या घशाशी घाई नको

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत आता पॉवर टिलर आले. तरीही डोंगराकडच्या लहान खाचरांत अजून बैल लागतोच. म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेच्या बाजारातून उधार-उसनवार करून आणलेला बैल ऐन लावणीत गेला, तर त्या घराचे वर्ष बुडते. म्हणून या वेळी आम्ही वाचकांपुढे जनावराच्या घशाचा विषय मांडत आहोत. एखादे जनावर रोगातून उठलेही असते; पण घाईने पाजलेल्या औषधाने ते दगावते.

घसा ही एक चौफुली आहे. नाकातून आलेली हवा खालच्या श्वासनलिकेत जाते आणि तोंडातला घास वरच्या अन्ननलिकेत जातो. म्हणजे दोन्ही वाटा घशात एकमेकींना छेदतात. घास मागे येताच श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचे तोंड मिटते, जिभेच्या मुळाशी असलेले पानासारखे झाकण त्यावर कलते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. गाईची ही नलिका सुमारे एक मीटर लांब असते. गाय-बैल रवंथ करतात तेव्हा घास याच वाटेने वर येतो आणि पुन्हा खाली जातो. पोटात तयार होणारा वायूही ढेकरेवाटे येथूनच बाहेर पडतो.

आता आपण औषध कसे पाजतो ते पाहा. दोघे शिंगे धरतात, वेसण ओढून तोंड आभाळाकडे करतात, जीभ बाहेर खेचतात आणि बांबूचे नळकांडे घशात रिकामे करतात. मान ताणलेली आणि जीभ धरलेली असली, की जनावराला नीट गिळता येत नाही. श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि औषध फुप्फुसात उतरते. तेलाचे तर विशेष भय. त्याने ठसकाही लवकर लागत नाही. मग दोन-तीन दिवसांत ताप येतो, धाप लागते, नाकातून घाण वास येतो आणि आपण म्हणतो, नजर लागली. नजर कोणाचीच लागलेली नसते. औषध चुकीच्या नळीत गेलेले असते.

पाजायचेच असेल तर तोंड डोळ्याच्या रेषेपेक्षा वर उचलू नये. जीभ मोकळी सोडावी. ओठाच्या कोपऱ्यातून गालात थोडे थोडे ओतावे आणि एक घोट गिळल्यावरच दुसरा द्यावा. ठसका लागला की ताबडतोब थांबून मान सोडावी. व्याल्यानंतर आडवी पडून मान टाकलेल्या गाईला काहीही पाजू नये. तिला गिळता येत नसते.

आंब्याच्या दिवसांत बाठा घशात अडकतो. जनावर मान ताणते, लाळ गाळते, प्यालेले पाणी नाकातून परत येते. ढेकर बंद झाल्याने डावी कूस फुगते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. अशा वेळी काठीने बाठा आत ढकलू नये, अन्ननलिका फाटते. डॉक्टरांनाच बोलवावे.

पावसाच्या तोंडावर घसा सुजून ताप आला, घरघर लागली, तर तो घटसर्प असू शकतो. म्हशींना तो अधिक होतो आणि एक-दोन दिवसांतच जनावर नेतो. पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हाच त्यावरचा खरा उपाय.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी. घशात काही अडकल्यासारखे दिसते, लाळ गळते, आवाज बदललेला असतो, पाणी गिळता येत नाही. ही पिसाळलेल्या जनावराचीही लक्षणे असतात. रेबीजमध्ये घशाचे स्नायूच लुळे पडतात. काय अडकले ते पाहायला उघडा हात तोंडात घालू नका. हाताला जखम किंवा ओरखडा असला, तर त्या लाळेतून माणसाला रोग होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. लाळ लागलीच तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

मुंबईत परळला 1886 सालापासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. शहापूरच्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला पोहोचते. तिथली ही विद्या आमच्या गोठ्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे का लागावीत? जनावरांच्या दवाखान्याचा 1962 हा फोन क्रमांक गोठ्याच्या कुडावर खडूने लिहून ठेवा. आणि हा मजकूर घरातल्या आयाबहिणींना वाचून दाखवा. गोठ्याचे निम्म्याहून अधिक काम त्याच करतात, आणि लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात पहिला हात बहुधा त्यांचाच जातो.