उडी आकाशातली, धडा बोगद्यातला

पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही आणि पोहता आल्यावाचून पाण्यात उतरू नये, हा पेच जुना आहे. पोहण्यापुरता माणसाने तो केव्हाच सोडविला. कमरेइतके पाणी, पाठीला बांधलेला भोपळा आणि काठावर उभा असलेला जाणता माणूस एवढी सामग्री त्याला पुरली. विमानातून उडी घेण्याच्या खेळात, म्हणजे स्कायडायव्हिंगमध्ये, मात्र कमरेइतके आकाश कोठे मिळत नाही. तेथे पहिला धडाही पूर्ण उंचीवरच गिरवावा लागतो. म्हणूनच जमिनीवर, चार भिंतींच्या आत, खालून वर वाहणाऱ्या वाऱ्यात तरंगत या खेळाची पूर्वतयारी करण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे, तिच्याकडे केवळ श्रीमंतांची करमणूक म्हणून पाहणे योग्य होणार नाही. शिक्षणाचा एक मूलभूत प्रश्न तीत गुंतलेला आहे, आणि तो प्रश्न नवशिक्याच्या जिवाशी निगडित आहे.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी पुढे आलेल्या आणि आता अनेक देशांत प्रचलित असलेल्या शिक्षणक्रमात विद्यार्थी पहिलीच उडी सुमारे १३,००० फुटांवरून घेतो. दोन प्रशिक्षक त्याला दोन बाजूंनी धरून असतात. पहिल्या दहा-बारा सेकंदांत त्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि तेथे स्थिरावतो. त्यानंतर दर साडेपाच सेकंदांना हजार फूट या हिशेबाने जमीन जवळ येऊ लागते. साधारण साडेपाच हजार फुटांवर त्याने स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडावयाचे असते. म्हणजे विमान सोडल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंत त्याच्या वाट्याला येते ते जेमतेम पाऊण मिनिट. एवढ्या अवधीत त्याने कंबर पुढे काढून व हनुवटी वर उचलून शरीराची कमान साधावयाची, हातपाय योग्य कोनात ठेवावयाचे, प्रशिक्षकाच्या खुणा ओळखावयाच्या, मनगटावरचा उंचीमापक वारंवार पाहावयाचा आणि ठरल्या क्षणी पॅराशूटची मूठ शोधून ओढावयाची. कानांत वाऱ्याचा गडगडाट असतो, पोटात भीतीचा गोळा असतो, आणि यातले काहीही त्याने पूर्वी अनुभवलेले नसते.

त्यापूर्वीच्या जुन्या पद्धतीत विमानाला जोडलेल्या दोरीने पॅराशूट आपोआप उघडत असे आणि विद्यार्थ्याला मोकळ्या पडण्याचा अनुभव पाच सेकंद, दहा सेकंद असा हप्त्याहप्त्याने मिळे. नव्या पद्धतीने हे हप्ते काढून टाकले. प्रगतीचा वेग वाढला. पण पहिल्याच उडीत मनावर येणारे ओझेही वाढले. माणसाचे लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. ते सगळेच हातपाय सावरण्यात खर्ची पडले, तर उंचीमापकाकडे पाहावयास काही शिल्लक उरत नाही. आणि उंचीचे भान सुटणे, ही या खेळातील सर्वांत महाग चूक होय.

वाऱ्याचा बोगदा उपयोगी पडतो तो नेमका या ठिकाणी. त्यामागचे तत्त्व शाळेतल्या पदार्थविज्ञानाइतके सोपे आहे. माणूस स्थिर हवेतून खाली पडतो, की हवा स्थिर माणसाच्या अंगावरून वर जाते, याने हवेच्या रेट्यात फरक पडत नाही. दोहोंमधील सापेक्ष वेग तेवढा महत्त्वाचा. प्रचंड पंख्यांनी उभ्या बोगद्यात तेवढ्याच वेगाचा वारा सोडला, की शरीराचे वजन आणि वाऱ्याचा रेटा यांचा तोल जमतो आणि माणूस जाळीच्या वर अधांतरी राहतो. ओहायओ राज्यातील राइट-पॅटरसन या हवाई दलाच्या तळावरील अशा बोगद्यात १९६४ मध्ये माणसाने प्रथम उड्डाण केले. सर्वसामान्यांसाठी लास व्हेगास आणि पिजन फोर्ज येथे १९८२ च्या सुमारास बोगदे उभे राहिले. पुढे १९९८ मध्ये ऑर्लँडो येथे सुरू झालेल्या बोगद्यापासून या व्यवसायाला आजचे स्वरूप येत गेले. २०१५ मध्ये प्राग येथे या बंदिस्त खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. मूळ साधनाचेच स्वतंत्र साध्य बनावे, याचे हे बोलके उदाहरण आहे.

बोगद्यातील सरावाचा लाभ किती, हे साध्या गुणाकारानेही उमगते. शिक्षणक्रमातील सात-आठ उड्यांत विद्यार्थ्याला मोकळ्या पडण्याचा एकूण अनुभव मिळतो तो पाच-सहा मिनिटांचा. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा पहिला परवाना मिळविण्यासाठी किमान २५ उड्या लागतात. त्या सर्वांची बेरीजही अर्ध्या तासाच्या आतच राहते. उलट बोगद्यात दोन-दोन मिनिटांच्या पाच पाळ्या केल्या, की दहा मिनिटे पदरी पडतात, म्हणजे शिक्षणक्रमातील सर्व उड्यांच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय चूक झाल्याबरोबर ती दाखवून देणारा प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा असतो. दोन बोटे ताठ केली की पाय लांब कर, बोटे वाकविली की पाय दुमड, हनुवटीकडे खूण केली की मान वर घे. हीच मूक भाषा पुढे आकाशात वापरावयाची असते. पाळी संपल्यावर बाहेर येऊन, श्वास घेऊन, काय बिघडले याचा विचार करावयास सवड मिळते. आकाशात तशी सवड नसते, आणि चुकलेला धडा पुन्हा गिरवावयाचा तर विमानाचे भाडे पुन्हा मोजावे लागते.

तेव्हा बोगदा जे देतो ते धैर्य नव्हे, कौशल्यही पुरते नव्हे. तो लक्ष मोकळे करून देतो. हातपाय आपोआप जागेवर राहू लागले, की डोळे उंचीमापकाकडे आणि प्रशिक्षकाकडे वळावयास मोकळे होतात. अक्षरे लावण्याचा त्रास संपल्यावरच मुलाला वाक्याचा अर्थ कळू लागतो, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षक जाणतो. येथील न्याय तोच आहे.

तथापि या लाभाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. बोगद्यात उंची नसते. तेथे जमीन जवळ येत नाही, घड्याळ जिवावर उठत नाही, आणि पडलेच तर खाली जाळी आहे हे शरीराला ठाऊक असते. विमानाच्या दारातून बाहेर पडण्याचा क्षण बोगद्यात नाही; पॅराशूट उघडणे नाही; ते नीट उघडले नाही तर त्याला सोडून राखीव पॅराशूटकडे वळण्याचा निर्णय नाही; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमिनीवर उतरणे नाही. आधुनिक स्कायडायव्हिंगमधील मृत्यूंपैकी लक्षणीय भाग व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरताना झालेल्या चुकांमुळे घडतो. त्या चुका टाळण्याचा एकही धडा बोगदा देऊ शकत नाही. किंबहुना बोगद्यात तासन् तास घालविलेला आणि म्हणून हवेत सफाईने वावरणारा नवशिका पॅराशूटखाली मात्र कच्चाच असतो, आणि त्याची सफाई पाहून त्याला स्वतःला व इतरांनाही त्या कच्चेपणाचा विसर पडण्याचा संभव असतो. अर्ध्या विद्येत पारंगत झालेला माणूस अडाण्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, तो असा.

आकडे वाचतानाही हा विवेक बाळगावयास हवा. अमेरिकेत १९७० च्या दशकात या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत. २०२४ मध्ये सुमारे ३८ लाख ८० हजार उड्या होऊनही मृतांची संख्या ९ होती. ही घट पाहून तिचे श्रेय बोगद्यांच्या पदरात टाकण्याचा मोह होईल. परंतु याच काळात गोल छत्रीच्या जागी दिशा देता येणारे चौकोनी पॅराशूट आले, शिक्षणपद्धती सुधारली, आणि ठराविक उंचीखाली माणूस वेगाने पडत राहिल्यास राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे विश्वासार्ह उपकरण १९९१ पासून उपलब्ध झाले. अनेक कारणे एकाच वेळी कार्य करीत असता त्यांतील एकाला उचलून मखरात बसविणे, हे जाहिरातदाराचे काम झाले, अभ्यासकाचे नव्हे.

खर्चाचा विचारही येथे अप्रस्तुत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट लागते. त्यामुळे असे बोगदे शेकडो किलोवॉट वीज खातात आणि तेथील मिनिटाचे मोल जबर असते. स्कायडायव्हिंग शिकणाऱ्या मोजक्यांच्या बळावर ते चालत नाहीत. गंमत म्हणून दोन मिनिटे तरंगण्यास येणाऱ्या हौशी गर्दीवर त्यांची मदार असते. म्हणूनच ते विमानतळांपेक्षा बाजारपेठांजवळ अधिक दिसतात. यात गैर काही नाही. मात्र करमणुकीचे दुकान आणि शिकण्याची शाळा एकाच छपराखाली आली, की विद्यार्थ्याला किती मिनिटे आवश्यक आहेत आणि किती केवळ विकली जात आहेत, हा प्रश्न त्याने स्वतःच विचारला पाहिजे.

आपल्या देशाने या साधनाची दखल घेतली आहे. हिमाचल प्रदेशातील बकलोह येथील विशेष दलांच्या प्रशिक्षण शाळेत मे २०२४ मध्ये भारतीय लष्कराच्या पहिल्या उभ्या वातबोगद्याचे उद्घाटन झाले. हैदराबादेत नागरिकांसाठीही असा बोगदा निघाला आहे. नागरी स्कायडायव्हिंगच्या सोयी येथे अजून तुटपुंज्या असल्याने अनेक होतकरू तरुण परदेशी जाऊन, परकीय चलनात शुल्क भरून शिकतात. त्यांच्या दृष्टीने घराजवळ केलेली दहा-पंधरा मिनिटांची तयारी परदेशातील एखादी नापास उडी वाचवीत असेल, तर तो चैनीचा खर्च नसून काटकसर ठरेल.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर घेतलेली उडी त्यांच्या आयुष्यातील पहिलीच होती. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या धाडसाचे कौतुक महाराष्ट्राने केले ते यथायोग्यच आहे. पण असामान्य व्यक्तीचे साहस ही सामान्य विद्यार्थ्याची अभ्यासपद्धती होऊ शकत नाही. विक्रम एकाचा असतो, शिक्षणक्रम सर्वांसाठी असतो. आणि शिक्षणक्रमाचे यश त्यातील सर्वांत भित्रा व सर्वांत मंद विद्यार्थी सुखरूप उतरतो की नाही, यावरच मोजावे लागते.

यास्तव बोगद्याचा उपयोग करावा, पण त्याची जागा ओळखून. पहिल्या उडीच्या थोडे आधी, छोट्या छोट्या पाळ्यांत, शक्यतो आकाशात उडी शिकविणाऱ्या प्रशिक्षकाच्याच देखरेखीखाली तो व्हावा. तरंगतानाही मनगटावर उंचीमापक बांधावा आणि ठराविक सेकंदांनी त्याकडे पाहण्याची, पॅराशूटच्या मुठीकडे हात नेण्याची सवय तेथेच लावावी. म्हणजे शरीर केवळ तरंगावयास शिकणार नाही, तरंगणे थांबवावयासही शिकेल. आणि बोगद्यात वाचलेला वेळ व पैसा पॅराशूट हाताळण्याच्या व उतरण्याच्या शिक्षणावर खर्च व्हावा. शाळांनीही बोगद्यातील मिनिटे ही उड्यांची बदली म्हणून नव्हे, तर पूर्वतयारी म्हणूनच मोजावीत.

चूक स्वस्त असते तेथे ती मनसोक्त करून घ्यावी, हे शहाणपणाचे आहे. चूक महाग असते ती जागा कोणती, हे त्या स्वस्ताईत विसरू नये, हे त्याहून शहाणपणाचे. पाठीचा भोपळा पोहावयास शिकवितो. पण नदीची ओढ किती आहे, हे भोपळ्याला कधीच ठाऊक नसते.