गाडी ठेवा, सायकल काढा

यंदाच्या वार्षिक सहलीसाठी मी कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना मांडली होती. दरवर्षीप्रमाणे पार्कातलं शेल्टर बुक करून पावभाजी खाण्याऐवजी, ज्यांना जमेल त्यांनी ॲशबर्नहून पर्सेलव्हिलपर्यंत सायकलने जावं, बाकीच्यांनी डबे घेऊन गाडीने यावं आणि सगळ्यांनी तिथे एकत्र जेवावं, एवढंच. सूचना पाच मिनिटांत निकालात निघाली. "धोक्याचं आहे." "वयस्कर मंडळींचं काय?" "मुलं कंटाळतील." आणि शेवटी एक सद्गृहस्थ हसत म्हणाले, "अहो वहिनी, इथे येऊन पुन्हा सायकलच मारायची, तर एवढं शिकलो कशाला?" सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या मते खरी हरकत हीच, बाकीच्या नुसत्या सबबी. आपल्या पिढीच्या मनात सायकल म्हणजे स्कूटर घेता न येणं. माझे वडील कसब्यातून खडकीला सायकलने कामावर जात. नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसला तर पोलिसाची भीती, पावसात टायर पंक्चर. हे सगळं मला आठवतं आणि त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण आणखीही काही आठवतं. तासावर भाड्याने आणलेल्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून शिकलेले आम्ही. पुढे एस. पी. कॉलेजात असताना रविवारी पहाटे पाच-सहा मैत्रिणी खडकवासल्यावरून डोणज्याला जायचो, तिथे सायकली लावून सिंहगड चढायचो. चढ कुठे लागतो, वारा कुठल्या वळणावर समोरून येतो, ताक कुठल्या घरी मिळतं, सगळं पाठ होतं. सिंहगड आम्हाला ठाऊक होता तो पायथ्याच्या त्या रस्त्यामुळे.

आता इथलं बघा. ब्लू रिज पर्वत आपल्या घरांपासून पंचवीस-तीस मैलांवर आहे. वीस वीस वर्षं आपण इथे राहतो आणि वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, पानांचे रंग बघायला स्कायलाईन ड्राइव्हवर जातो. १०५ मैलांचा तो रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. गाड्यांच्या रांगेत हळूहळू सरकायचं, ओव्हरलुकला उतरायचं, फोटो काढायचे, चिवड्याचा डबा फिरवायचा आणि पुढच्या ओव्हरलुकला जायचं. खाली दिसतात त्या गावांची नावं विचारलीत तर कुणाला सांगता येणार नाहीत. मलाही येत नव्हती, वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत.

सायकलवरून सुरुवात करायला आपल्याइतकी सोपी जागा शोधून मिळणार नाही. डब्ल्यू अँड ओ डी ट्रेल आपल्यापैकी कित्येकांच्या परसदाराला लागून जातो. ४५ मैलांचा हा रस्ता म्हणजे जुनी रेल्वेलाईन. ब्लू रिज ओलांडून पलीकडच्या कोळशापर्यंत पोचायचं म्हणून ही रेल्वे काढली. १८६० मध्ये ती लीसबर्गला पोचली, १९०० मध्ये ब्लूमाँटला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आणि तिथेच थांबली. डोंगर तिने कधी ओलांडलाच नाही. १९६८ मध्ये ती बंद पडली आणि वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, पर्सेलव्हिलपर्यंतचा ट्रेल पुरा झाला. वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नसे, म्हणून इंजिनियरांनी लाईन मंद चढाची आखली. तोच मंद चढ आज आपल्या गुडघ्यांच्या उपयोगी पडतो. ॲशबर्न ते पर्सेलव्हिल साधारण सतरा मैल. त्यात जरा दम लागतो तो लीसबर्ग सोडल्यावर क्लार्क्स गॅपपर्यंत, आणि क्लार्क्स गॅप हाच साऱ्या ट्रेलवरचा सर्वांत उंच भाग. मध्ये थांबा, पाणी प्या, पुढे जा. गुडघे फारच कुरकुरत असतील तर बॅटरीची सायकल घ्या, त्यात लाज कसली?

धोक्याबद्दल मात्र थट्टा करणार नाही. ट्रेलवर मोटारी नाहीत, पण रस्ते आडवे येतात आणि तिथे थांबून, बघूनच ओलांडावं लागतं. ट्रेल सोडून गावरस्त्यांना लागलात की गोष्ट वेगळी. रूट ७ वर सायकल नेऊ नका, रूट ९ वर तर नकोच नको. क्लार्क्स गॅपहून तीनेक मैलांवर वॉटरफर्ड आहे, १७३३ मध्ये क्वेकरांनी वसवलेलं, आजही दगडी घरांचं. आल्डीहून ब्लूमाँटला जाणारा स्निकर्सव्हिल टर्नपाईक सुंदर आहे, त्यावर सुमारे १८२९ चा दोन कमानींचा दगडी पूल आहे. पण त्या रस्त्याला कडेची पट्टी नाही आणि शनिवारी दुपारी वाईनरीवाल्यांची वर्दळ असते. तिथे सकाळी लवकर जावं. व्हर्जिनियात २०२१ पासून कायदा आहे की सायकलस्वारापासून तीन फूट अंतर राखता येत नसेल तर मोटारवाल्याने लेन बदलावी. सगळे पाळतात असं नाही. भडक रंगाचा शर्ट घाला आणि हेल्मेटशिवाय निघू नका.

आपल्यात जे थोडे लोक सायकल चालवतात त्यांच्याशीही माझं भांडण आहे. हजारो डॉलरची सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, आणि परत आल्यावर सांगायला फक्त मैल आणि सरासरी वेग. "काल साठ मारले!" अहो, वाटेत काय बघितलंत? कुणाशी बोललात? १९७६ मध्ये, देशाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, हजारो सायकलस्वार व्हर्जिनियातून ओरेगनकडे निघाले, चार हजार मैलांहून लांबचा प्रवास. ब्लू रिजच्या चढावर आफ्टन गावात जून करी नावाच्या बाईंनी दमलेल्या पोरांना पाणी दिलं, मग घरची बिस्किटं दिली, आणि पुढे कित्येक वर्षं देत राहिल्या. सायकलवाल्यांत त्या 'कुकी लेडी' म्हणून ओळखल्या जात. २०१२ मध्ये त्या गेल्या. साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबवून कुणी बिस्किट देत नाही. आणि मान खाली घालून घड्याळाकडे बघत जाणाऱ्या सायकलवाल्यालाही देत नाही!

एवढी तळमळ कशासाठी, असं विचाराल. सांगते. आपल्या लाऊडन काउंटीच्या पश्चिम भागात अजून अडीचशे मैलांच्या आसपास खडीचे कच्चे रस्ते आहेत. कित्येक रस्ते दोनशे वर्षांहून जुने. दगडी कुंपणं, वर झाडांची कमान, मोटार आली तरी हळू येते. निवांत सायकल फिरवायला याहून चांगले रस्ते मी पाहिलेले नाहीत. त्यातले रस्ते एकेक करून डांबरी होतात. तिथे राहणाऱ्यांना धूळ आणि खड्डे नको असतात, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण डांबर आलं की वेग येतो, आणि वेगामागून काय येतं ते पूर्व लाऊडनमध्ये आपण रोज बघतो. आपली घरंही कुणाच्या तरी शेतांवरच उभी आहेत, तेव्हा नाक मुरडायचा हक्क मला फारसा नाही, हेही कबूल करते.

पण परवा एका जेवणात हा विषय निघाला, तेव्हा आपल्यातलेच एक जण म्हणाले, "अजून खडीचे रस्ते? करून टाका डांबरी, विषय संपवा!" त्या रस्त्यांवर ते कधी गेले होते का, असं मी विचारलं. नव्हते. या काउंटीत आता आपली मतं थोडीथोडकी नाहीत. जाहीर सुनावणी होते तेव्हा आपण शाळेच्या हद्दींसाठी जातो, टोलसाठी जातो, आणि जावंच. या रस्त्यांबद्दल बोलायला मात्र आपल्यातलं कुणी नसतं, कारण ते कुणी पाहिलेलेच नाहीत. निदान पाहून मग "डांबरी करा" म्हणा, मी वाद घालणार नाही.

मुलं कंटाळतात म्हणता, तर माझा अनुभव ऐका. मागच्या वसंतात माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन गेले. हॅमिल्टनपर्यंत तोंड फुगवून होता. पर्सेलव्हिलच्या १९०४ च्या जुन्या स्टेशनाशी पोचल्यावर त्याने विचारलं, "आजी, रेल्वे अजून पुढे जायची ना? मग रस्ता इथेच का संपला?" मी त्याला ब्लूमाँटची गोष्ट सांगितली. पुढची लाईन १९३९ मध्येच काढून टाकली, हेही सांगितलं. तर म्हणे, "मग आपण पुढच्या वेळी ब्लूमाँटला जाऊ." परत येताना गाडीत झोपला, ते सोडा.

कार्यकारिणीने सहल केली नाही तरी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता मी ॲशबर्नला ट्रेलवर असेन. वेग ताशी आठ-नऊ मैल, दर पाच मैलांवर थांबा, कुणालाही मागे टाकून जायचं नाही. ज्यांनी "एवढं शिकलो कशाला" विचारलं, त्या भावजींना खास आमंत्रण आहे. त्यांच्या गॅरेजात दोन सायकली टांगलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. हवा गेली असेल, पण पंप माझ्याकडे आहे.