माहेरची वाट आणि देवळाचे दार

टाळेबंदीने मोडकळीस आलेली एकत्र कुटुंबे पुन्हा जोडली, असा समज प्रवचनांतून व लेखांतून मोठ्या समाधानाने मांडला जातो. सारे घर एका पंगतीस बसले, दूरदर्शनवरील रामायण सर्वांनी मिळून पाहिले, सुनेने सासूची सेवा केली, हा म्हणे त्याचा पुरावा. हे चित्र रंगविणारे बहुधा पंगतीत बसणारे होते. वाढणारीस कोणी विचारले होते काय?

करोनाचा देशातील पहिला बळी कलबुर्गीचा. 10 मार्च 2020 रोजी तो मृत्यू झाला आणि दोन दिवसांनी त्याचे कारण जाहीर झाले. भीती आमच्याकडे आधी आली. बंदोबस्त आवश्यकच होता, त्याविषयी आमची तक्रार नाही. बंद दाराआड जे घडले त्यास संस्कृतीचा विजय म्हणावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली व नकाशावर रेषा उमटली, पण सोयरिकी तिला जुमानीत नाहीत. भालकीची सून उदगीरची असते, आळंदची उमरग्याची, अफझलपूरची अक्कलकोटची. एरवी सकाळी निघून दुपारी माहेरी पोहोचावे एवढेच अंतर. 2020 च्या उन्हाळ्यात तीच रेषा भिंत झाली. मेच्या उत्तरार्धात तर महाराष्ट्रातून येणाऱ्यांस कर्नाटकाने काही काळ प्रवेशच नाकारला. मराठीत माहेर, कोंकणीत कुळार, कन्नडात तवर: तिन्ही भाषांनी या स्थानास स्वतंत्र शब्द दिला तो उगाच नव्हे. भांडण विकोपास जाण्यापूर्वी आठ दिवस दूर जाता येणे, या एका सोयीवर आमची किती घरे उभी आहेत, हे ती सोय बंद पडल्यावर कळले.

टाळेबंदीचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता. पुढे तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू, पन्हे, कैरीची डाळ. पुरुषांस हा बायकांचा हौसेचा व्यवहार वाटतो. वस्तुतः शेजारणीने हातातली बांगडी फुटलेली पाहावी आणि काही न विचारता दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे, एवढे त्यात असते. त्या महिन्यात कोणी कोणाकडे गेले नाही. देवळेही जूनपर्यंत बंद. देवळास जाते म्हणून निघालेली स्त्री देवापुढे जितकी बसते, तितकीच घराबाहेर बसते, हे सांगण्यात देवाचा अवमान नाही.

परिणाम लपलेला नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडे 2019 साली घरगुती छळाच्या तक्रारी तीन हजारांच्या आत होत्या. 2020 साली त्या पाच हजारांवर गेल्या. ज्यांच्या हाती दूरध्वनीही नव्हता, त्यांची गणना यात नाही. पुरुषाचा रोजगार गेला, मुंबई-पुण्याहून भाऊ परतले, दोन खोल्यांत दहा माणसे झाली, हे सारे खरे. पण रोजगार गेल्याचा राग स्वयंपाकघरावरच का निघावा?

‘घरातले घरात मिटावे’ असे वडीलधारे सांगतात. मिटते खरे, बहुधा एकीनेच गप्प बसून. 2005 च्या कायद्याने छळ झालेल्या स्त्रीस राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि आश्रयगृहाची तरतूदही केली आहे. पण भालकीच्या खेड्यातील स्त्री मध्यरात्री कायद्याच्या कलमाकडे जाणार नाही. ती दिसेल त्या दाराशी जाईल.

गाणगापुरास श्रीदत्त माध्यान्ही मधुकरीस येतात आणि कोणत्या रूपात येतील याचा नेम नाही, अशी आपली श्रद्धा. म्हणून तेथे दाराशी आलेल्यास कोणी विन्मुख पाठवीत नाही. मग बगलेत मूल घेऊन आलेल्या स्त्रीस मात्र आपण नवऱ्याचे नाव विचारून परत घरी पोहोचवितो, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आमच्या देवस्थानांपाशी भक्तनिवास आहेत, धर्मशाळा आहेत. यात्रा संपल्यावर त्यांतील बऱ्याच खोल्या कुलुपात असतात. प्रत्येक देवस्थानाने त्यांतील दोन अशा स्त्रियांसाठी राखाव्यात आणि साथ आली तरी त्या उघड्या ठेवाव्यात. किल्ली विश्वस्तांच्या कमरेस नको. गावातील एखाद्या जाणत्या स्त्रीच्या हाती असावी. यास निधी लागत नाही, केवळ ठराव लागतो, आणि विश्वस्त मंडळांच्या वार्षिक सभा दरवर्षी होतातच.