दुखण्याला तास द्या

जुन्या दुखण्यावर गोळीवाचून दुसरा काही उपाय आहे का, असे एखाद्या माजी सैनिकाने विचारले की त्याची दोन तऱ्हांनी बोळवण होते. पहिली : "फौजेतला गडी तुम्ही, एवढ्याशा दुखण्याचं काय घेऊन बसलात!" दुसरी जरा शिकलेली : "ते मशीन, मालिश, योगा म्हणजे मनाचं समाधान हो. गोळी घ्या आणि आराम करा." या दोन्ही मतांचा समाचार घ्यायचा आहे. त्यानंतर आमच्याच बाजूच्या मंडळींचाही, कारण गोळी नको म्हणताच जे जे विजेवर चालते किंवा कमरेला बांधता येते ते डोक्यावर घेणारेही कमी नाहीत.

सोसण्याचा मुद्दा आधी. त्याच्या पाठीराख्यांच्या हाती एक भक्कम वाटणारा पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची पाहणी केली. दुखणे थांबवायला औषध हवे का, या प्रश्नाला सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटले. ही हकीकत १९४६ मध्ये छापून आली आणि शूर माणसाला दुखत नाही असे मानणाऱ्यांची सोय झाली. पण बीचरने लावलेला अर्थ वेगळाच होता. जखम केवढी यावर वेदना ठरत नाही, त्या जखमेचा माणसाच्या लेखी अर्थ काय यावर ती बरीचशी ठरते, असे त्याचे म्हणणे. आघाडीवरच्या जखमीला ती जखम म्हणजे मरणाच्या तोंडातून मिळालेली सुट्टी होती. निवृत्त होऊन पंधरा वर्षे झालेल्या हवालदाराच्या गुडघ्याला असा कुठला अर्थ उरला आहे? त्याच्यासाठी तो गुडघा म्हणजे शेताच्या बांधावर बसता न येणे आणि रात्री तीनदा जाग येणे. बीचरचा दाखला द्यायचाच तर तो त्या हवालदाराच्या बाजूने द्यावा लागेल.

शिवाय फौजेत दुखणे सोसले जाते ते नेहमी शौर्यापोटीच, हेही खरे नव्हे. 'शेप वन' ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी राहिली नाही, मेडिकल कॅटेगरी खाली आली, तर बढतीवर परिणाम होतो हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. पाठीवर पिट्टू घेऊन केलेल्या चालीत कंबर धरली तरी तो एमआय रूमची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याची, पायरी चढायचे टाळतो. अशी दाबून ठेवलेली दुखणी पेन्शनबरोबर घरी येतात. सोसण्याचा उपदेश या जवानांना वर्षानुवर्षे मिळालेलाच आहे आणि त्याचे फळ म्हणजे ही आजची कंबर.

आता गोळीवाले. त्यांचा दावा असा की गोळी शास्त्रशुद्ध, बाकी सगळी समजूत. हा प्रयोग अमेरिकेने आपल्या माजी सैनिकांवर मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. तिथल्या व्हेटरन्स अफेअर्स विभागाची इस्पितळे जुनाट दुखण्यांसाठी अफूवर्गीय गोळ्या इतक्या सढळ हाताने देत होती की विस्कॉन्सिनमधल्या टोमा इथल्या इस्पितळाला 'कँडी लँड' असे नाव पडले. जेसन सिमकाकोस्की हा मरीन दलातला पस्तीस वर्षांचा माजी सैनिक ऑगस्ट २०१४ मध्ये तिथेच, उपचारासाठी दाखल असताना, अनेक औषधांच्या एकत्रित विषबाधेने मरण पावला. २०१६ च्या व्यसनविरोधी कायद्यात त्याच्या नावाची तरतूद आहे. हा अपवाद म्हणावा, तर या विभागाच्या रुग्णांत औषधांच्या अतिसेवनाने अपघाती मरण येण्याचे प्रमाण सर्वसाधारण प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे २००५ च्या नोंदींवरून दिसले होते.

बरे, एवढी किंमत मोजून दुखणे तरी थांबले का? याच विभागाच्या मिनियापोलिसच्या इस्पितळात डॉ. एरिन क्रेब्स यांनी कंबर, गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या २४० माजी सैनिकांवर वर्षभर चाचणी घेतली. निम्म्यांना अफूवर्गीय औषधे, निम्म्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी. २०१८ मध्ये निकाल आला : रोजच्या हालचालीत काही फरक नाही आणि वेदनेच्या मापात साधी औषधेच किंचित सरस. ही तुलना औषधाची औषधाशीच होती, तेव्हा योग किंवा यंत्र जिंकले असा तिचा अर्थ काढू नये. पण जितकी जालीम गोळी तितका आराम, हा समज तिने निकालात काढला. आपल्याकडे अफूवर्गीय गोळ्यांचा असा सुळसुळाट नाही. उलट कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळायची मारामार. आपला सैनिक डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीवर दिवस काढतो आणि पोट व मूत्रपिंड यांची किंमत मोजतो.

गोळीशिवायचे उपाय म्हणजे निव्वळ मनाची समजूत, हा आक्षेप १९६५ पासून शिळा आहे. त्या वर्षी मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत शिरताना अडवला किंवा वाढवला जाऊ शकतो, आणि ते ठरवण्यात स्पर्शाच्या संवेदना व मेंदूकडून येणारे हुकूम दोन्हींचा हात असतो. सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण वेदना घडण्यात मेंदूचा वाटा असतो हे पक्के झाले. त्याचा सर्वात देखणा दाखला आरशाचा. ही युक्ती मूळ तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांची. पाय गमावलेला सैनिक दोन पायांच्या मधोमध आरसा उभा धरतो आणि शाबूत पाऊल हळूहळू वळवतो, बोटे उघडतो, मिटतो. आरशात त्याला नसलेला पाय हलताना दिसतो. नसलेल्या पायाची बोटे वर्षभर आवळून बसल्यासारखी दुखत असतील, तर ती सुटताना त्याला डोळ्यांनी दिसतात. वॉल्टर रीड लष्करी इस्पितळात रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे हे करून घेतले. ज्यांचा आरसा झाकलेला होता त्यांना फारसा गुण आला नाही, उघड्या आरशाच्या गटातल्या सर्वांचे दुखणे उतरले. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. शेवटपर्यंत टिकलेले रुग्ण सगळे गट मिळून अठराच, तेव्हा याला चमत्कार म्हणू नये. पण 'समजूत' म्हणून उडवून लावणाऱ्याने झाकलेल्या आरशाचे उत्तर द्यावे.

योगाचा दाखला सॅन दिएगोचा. तिथे जुनाट कंबरदुखीच्या दीडशे माजी सैनिकांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे हठयोग शिकवला. सहा महिन्यांनी त्यांची हालचाल योग न करणाऱ्यांपेक्षा सुधारलेली आढळली. दुखणे नाहीसे झाले नाही. माणूस अधिक हिंडू फिरू लागला, आणि जुनाट दुखण्यात यशाचे खरे माप हेच.

आता घरचा अहेर. गोळीला लावली तीच कसोटी यंत्राला लावली की आमच्यातल्या पुष्कळांचे चेहरे उतरतात. मज्जारज्जूपाशी तारा बसवून विजेचे झटके देणारे यंत्र काही लाखांचे, वर शस्त्रक्रिया. नॉर्वेत पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही दुखत राहिलेल्या पन्नास रुग्णांत ते कधी चालू, कधी गुपचूप बंद ठेवून पाहिले. २०२२ च्या अहवालाप्रमाणे दोन्ही काळांत फरक पडला नाही. कातडीवर चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणणारे टेन्सचे यंत्र स्वस्त आणि बरेचसे निरुपद्रवी. ते चालू असेपर्यंत काहींना हलके वाटते. तेवढ्या वेळात चालून यावे, त्याचा उपयोग तेवढा. ठोस कारण सापडत नसलेल्या जुनाट दुखण्यात ते देऊ नका, व्यायाम द्या, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये सांगून टाकले. लोहचुंबकाच्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते विकणाऱ्यांना माजी सैनिक आवडतो, कारण त्याला पेन्शन असते.

गोळी काय आणि पट्टा काय, दोन्ही देणाऱ्याच्या सोयीचे. वस्तू दिली, सही घेतली, पुढचा रुग्ण. आरसा, योग, व्यायाम, विचारांवर काम करणारे मानसोपचार यांत समान धागा असा की कुणीतरी जाणता माणूस समोर बसून वेळ देतो. माजी सैनिकाने मागायचा तो हा तास, आणि सरकारने द्यायचा तोही हाच. तो न देता नुसती गोळी काढून घेतली तर काय होते, हेही अमेरिकेत दिसले आहे. तिथल्या लाखो माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्यावर अफूवर्गीय औषधे थांबवल्यानंतर अतिसेवनाने किंवा आत्महत्येने मरण्याचा धोका वाढलेला आढळला, आणि जितकी वर्षे औषध घेतलेले तितका जास्त.

आपल्याकडे पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे, २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तरी साताऱ्याच्या माण-खटावमधल्या आतल्या गावातला निवृत्त नाईक महिन्याच्या गोळ्या एका फेरीत आणतो. सॅन दिएगोसारखा वर्ग हवा तर त्याला चोवीस फेऱ्या माराव्या लागतील, त्याही एसटीत दुखरी कंबर आदळत.

एवढे फिजिओथेरपिस्ट आणायचे कुठून, असा शेवटचा आक्षेप येतो. प्रत्येक गावी आणायला नकोतच. सातारा जिल्ह्यात फौजेची परंपरा असलेल्या गावांत एखादा तरी निवृत्त पीटी उस्ताद निघतो. त्याला माणसे ओळीत उभी करता येतात, गावात त्याच्या शब्दाला मान असतो, आणि वर्ग चुकवणाऱ्याच्या दारात जाऊन हाक मारायला तो लाजत नाही. फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाला एकदा तपासून द्यावे, उस्तादाला शिकवावे आणि महिन्यातून एकदा येऊन बघावे. अडचण एकच, उस्तादाची जुनी सवय : जवान थकला की त्याला आणखी दहा काढायला लावायचे. साठीच्या गुडघ्याला आज चार, पुढच्या आठवड्यात पाच असे मोजून द्यावे लागते. शिकवायचे ते एवढेच, आणि त्याला शिकवणीचे मानधन द्यायचे.